किल्ली कोणाकडे आहे, शेठ?

शेठ,



हे पत्र बंद पाकिटातून पाठवलं असतं तर ते तुमच्या एचआरच्या फाईलमध्ये गेलं असतं आणि तिथेच राहिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घेत नाही, कंपनीचंही घेत नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, तळोजा, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हे वाचलं गेलं तरी ते कोणाला लिहिलंय हे कामगाराला बरोबर कळेल. जे कारखानदार नियम मनापासून पाळतात त्यांच्यासाठी हे पत्र नाही. असे कारखानदार आहेत, आणि ते आहेत म्हणूनच तुमच्या सबबी टिकत नाहीत.

मी कारखान्यांमध्ये प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. वर्ग संपला की शॉप फ्लोअरवर जाऊन पेटी बघतो. तुमचीही बघितली. रंग ताजा, लाल क्रॉस ठसठशीत, भिंतीवर नीट बसवलेली, आणि तिला कुलूप. किल्ली कोणाकडे म्हणून विचारलं, तर सुपरवायझरने स्टोअरकडे बोट दाखवलं, स्टोअरवाल्याने एचआरकडे, आणि एचआरचे साहेब त्या दिवशी रजेवर होते. प्रेस मात्र चालू होते.

माझा आरोप एकच आहे. ही पेटी तुम्ही इन्स्पेक्टरला दाखवण्यासाठी लावली आहे. ज्याचं बोट प्रेसमध्ये जाऊ शकतं, त्याचा विचार ती लावताना तुमच्या मनात नव्हता.

आधी कायदा बघू. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 45 चार छोट्या पोटकलमांचं होतं; नव्या कायद्याकडे पुढे येतो. एक चहा संपेपर्यंत वाचून होतं. पहिलं सांगत होतं की पेटी कामाच्या सर्व वेळेत सहज हाताशी येईल अशी ठेवायची, आणि एका वेळी कामावर असणाऱ्या दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी हवी. दुसरं सांगत होतं की ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज पेटीत काहीही ठेवायचं नाही. तिसऱ्यानुसार प्रत्येक पेटी एका स्वतंत्र जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी, त्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं आणि तो कामाच्या वेळेत कायम उपलब्ध हवा होता. चौथ्यानुसार 500 पेक्षा जास्त कामगार असतील तर ठरलेल्या आकाराची, ठरलेल्या साहित्याची आणि वैद्यकीय कर्मचारी असलेली अ‍ॅम्ब्युलन्स रूम हवी.

आता या चार पोटकलमांशेजारी तुमचा कारखाना ठेवून बघा.

पेटीला कुलूप आहे, म्हणजे ‘सहज हाताशी’ ही पहिलीच अट मोडली. एचआरचे साहेब जनरल शिफ्टला येतात आणि संध्याकाळी साडेपाचला घरी जातात. तिसरी पाळी रात्री अकराला सुरू होते. म्हणजे रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत तुमच्या कारखान्यात पेटी असून नसल्यासारखी. माणूस थकलेला असतो, डोळ्यांवर झोप असते, देखरेखीला साहेब नसतात. सगळ्यात जास्त जपायला हवं त्या वेळी तुम्ही सगळ्यात कमी सोय ठेवली आहे.

पेट्यांची संख्या बघा. दोन पेट्या पुरेशा आहेत असं तुमच्या मॅनेजरने मला ठामपणे सांगितलं, कारण रोलवर तीनशेच्या आत माणसं आहेत. शॉप फ्लोअरवर मात्र त्याहून कितीतरी जास्त माणसं दिसली. ती ठेकेदाराची, म्हणून हिशेबात नाहीत. शेठ, 1976 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमातल्या ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही आला. कंत्राटी कामगारांसाठी 1970 साली जो कायदा झाला, त्यानेही ठेकेदारावर प्रथमोपचार पेटीची जबाबदारी टाकली आणि ठेकेदाराने ती पाळली नाही तर मूळ मालकाने सोय पुरवायची, असं लिहून ठेवलं. प्रेसला तुमचा कामगार आणि ठेकेदाराचा कामगार असा फरक कळत नाही. तुमच्या पेटीने तो का करायचा?

पेटीच्या आत काय होतं? कुलूप तोडायला लावलं नाही, पण काचेतून दिसत होतं. बिलबुकं, एक चार्जर, डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, आणि पिवळा पडलेला कापूस. निर्जंतुक ड्रेसिंग नाही, भाजल्यावर लावायचं ड्रेसिंग नाही, कात्री नाही. पेटीत काय काय आणि किती हवं हे नियमांत कामगारांच्या संख्येनुसार ठरवून दिलेलं आहे. छोटी, मध्यम आणि मोठी निर्जंतुक ड्रेसिंग, रोलर बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, आणि प्रथमोपचाराची छापील पुस्तिका. ही यादी तुमच्या स्टोअरमधल्या बेअरिंगच्या यादीहून कितीतरी लहान आहे, आणि बेअरिंगचा साठा तुमच्याकडे कधी संपत नाही.

राहिला तिसऱ्या पोटकलमातला माणूस. तुमच्याकडे प्रमाणपत्रवाला एक जण आहे हे खरं. त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून रिसेप्शनमध्ये लावलंय. तो डिस्पॅचला आहे, पहिल्या पाळीत येतो, आणि त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. एका माणसाने दोन पेट्या आणि तीन पाळ्या सांभाळाव्यात, अशी तुमची अपेक्षा आहे. प्रत्येक पेटीसाठी स्वतंत्र माणूस हवा असं 1948 चा कायदा म्हणत होता, कारण तो लिहिणाऱ्यांनी अपघात होताना काय होतं याचा विचार केला होता.

काय होतं ते मी सांगतो. तुम्ही ते बघितलेलं नाही. तुम्हाला फोन येईपर्यंत लादी पुसून झालेली असते.

पॉवर प्रेसवर बोट तुटतं. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या पुरवठा साखळीत बोटं गमावलेल्या कामगारांबद्दल ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते आहे. त्यात हरियाणा आहे, तसा महाराष्ट्रही आहे. प्रशिक्षित माणूस जवळ असेल तर तो जखमेवर निर्जंतुक ड्रेसिंग घट्ट दाबून धरतो, हात वर धरायला लावतो, तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळतो, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतो आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवतो. असं थंड ठेवलेलं बोट पुन्हा जोडता येण्याची आशा अधिक वेळ टिकते. तुमच्याकडे काय होतं? हाताला तेलकट कॉटन वेस्ट गुंडाळतात, बोट सापडलं तर कॅन्टीनमधल्या बर्फात थेट टाकतात. थेट बर्फाने मांस गोठतं आणि सर्जनच्या हाती काही उरत नाही. बोट टाकणारा दुष्ट नसतो. त्याला कोणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

उष्णता-उपचाराच्या भट्टीजवळ कोणी भाजतो. भाजलेल्या जागेवर वाहतं थंड पाणी वीस मिनिटं सोडायचं, अंगठी, घड्याळ, कडं सूज येण्याआधी काढायचं, मग स्वच्छ ड्रेसिंगने झाकायचं. त्या वीस मिनिटांनी भाजण्याची खोली कमी होते. तुमच्याकडे टूथपेस्ट लावतात, हळद लावतात, मी तर ग्रीस लावलेलंही बघितलंय. दवाखान्यात तो थर खरवडून काढताना कामगार जे भोगतो ते पाण्याच्या एका नळाने टळलं असतं.

ग्राइंडिंगवर डोळ्यात कण जातो. तुमच्या प्रत्येक शॉपमध्ये एक ‘एक्स्पर्ट’ असतो जो काडीला कापूस गुंडाळून कण काढतो. बुबुळावर ओरखडा उठतो, जंतुसंसर्ग होतो, नजर जाते. डोळ्यात ॲसिड किंवा कॉस्टिक उडालं तर किमान पंधरा मिनिटं सतत पाणी मारायचं असतं. तुमच्या केमिकल स्टोअरजवळचा आयवॉश मी उघडून पाहिला. त्यातून आधी गंज आला आणि मग काहीच आलं नाही.

आणि विजेचा धक्का. हृदय थांबलं तर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात आधी मेन स्विच बंद करायचा, माणूस सुटा करायचा, श्वास बघायचा, आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचे. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. 108 ची मोफत सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण वसाहतीच्या रस्त्यांवर संध्याकाळच्या शिफ्ट बसेस आणि कंटेनर उभे असताना कोणतीही अ‍ॅम्ब्युलन्स चार मिनिटांत तुमच्या शेडपर्यंत येऊ शकत नाही. ती चार मिनिटं तुमच्या कारखान्यातल्याच कोणीतरी भरून काढायची असतात. त्यासाठीच कलम 45 होतं.

या सगळ्याला तुमची ठरलेली उत्तरं आहेत. मी ती वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. एकेक घेतो.

‘कामगार पट्ट्या चोरतात, म्हणून कुलूप.’ पट्टी घेतली म्हणजे कोणाला तरी लागलं होतं, हा पहिला विचार तुमच्या मनात यायला हवा होता. घरी नेली असेल तरी एका बँडेजची किंमत किती? पेटीला कुलपाऐवजी तुटणारं प्लास्टिकचं सील लावा. सील तुटलं की पेटी उघडली हे कळतं, नोंद करता येते, वस्तू भरता येते. हा उपाय काही रुपयांचा आहे आणि तुमच्या शेजारच्या कारखान्यात तो चालू आहे.

‘हॉस्पिटल जवळच आहे.’ हॉस्पिटल जवळ असल्याने प्रथमोपचाराची गरज संपत नाही. वाहतं रक्त तुमच्या गेटपासून कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत वाट बघत नाही. शिवाय तुमचे जखमी कामगार तिथे कसे जातात तेही मला माहीत आहे. दुचाकीवर, दोघांच्या मध्ये बसवून.

‘कामगारच निष्काळजी असतात.’ घटकाभर हे खरं धरू. मग निष्काळजी माणसांच्या कारखान्यात पेटी आणखी तयार हवी. आणि जो कामगार सलग डबल ड्युटी करतो, ज्याच्या प्रेसचं गार्ड उत्पादन वाढवण्यासाठी काढून ठेवलेलं आहे, त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारण्याआधी गार्ड कोणाच्या सांगण्यावरून काढलं ते तपासा.

‘आता कायदा बदलला.’ हो, बदलला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 केंद्र सरकारने 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू केली आणि जुने अनेक कायदे त्यात सामावले. त्या संहितेतही कामाच्या सर्व वेळेत हाताशी असणारी प्रथमोपचार पेटी आहे, आणि 500 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, खाणीत, बांधकामावर अ‍ॅम्ब्युलन्स रूम आहे. 1948 च्या कायद्यात उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. नव्या संहितेत मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास दंडाची किमान निम्मी रक्कम जखमी कामगाराला किंवा त्याच्या वारसांना द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. कायदा बदलला म्हणून पेटीतून सुटका होईल, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्या सल्लागाराची फी परत मागा.

‘खर्च परवडत नाही.’ ही सबब ऐकून मात्र संताप येतो. पेटी भरायला काही हजार रुपये लागतात. तुमच्या गेटवर ग्राहक कंपनीचे पाहुणे येतात तेव्हा गुच्छ, शाली, हॉटेलचं जेवण यावर एका दुपारी त्याहून जास्त जातं. आणि पेटीचा खर्च तरी तुम्ही स्वतः करता का? मलमपट्टीचे पैसे कामगाराच्या पगारातून कापल्याची तक्रार मी वर्गात अनेकदा ऐकली आहे. कायद्याने पुरवायच्या सोयीसाठी कामगाराकडून पैसे घ्यायला 1948 च्या अधिनियमाचं कलम 114 मनाई करत होतं.

तुम्हाला जमत नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री तुमच्या कारखान्यात काय घडतं ते मी ऐकून आहे. मेडिकलवाल्याला दुकान उघडायला लावून ड्रेसिंग येतात. बिलबुकं बाहेर निघतात. कुलूप निघतं. मुदत संपलेली औषधं पोत्यात भरून मागच्या गेटने जातात. आयवॉशला पाणी येतं. अ‍ॅम्ब्युलन्स रूममधले पुठ्ठ्याचे खोके शेडमागे रचले जातात आणि खाली दबलेलं स्ट्रेचर पुसून वर येतं. महिनाभर न आलेले डॉक्टर येऊन सगळ्या पानांवर सही करून जातात. हे सगळं एका रात्रीत होतं, शेठ. ग्राहक कंपनीच्या ऑडिटरसाठी जे एका रात्रीत होतं ते तुमच्या कामगारासाठी वर्षभर का होत नाही? तुमच्याकडे माणसं आहेत, पैसे आहेत, व्यवस्था आहे. म्हणजे तुम्ही ते न करायचं ठरवलेलं आहे. म्हणूनच मी याला हलगर्जीपणा म्हणत नाही, गुन्हा म्हणतो.

आता त्या गुन्ह्याच्या दुसऱ्या भागाकडे येतो. तुमच्या गेटवर मोठा फलक आहे: अपघातविरहित दिवस. आकडा दर सकाळी बदलतो. तुमच्या प्रथमोपचार नोंदवहीत मात्र एकही नोंद नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यात वर्षभरात कोणाला साधं कापलंसुद्धा नाही? शिवणकामाच्या दुकानातही सुई टोचते.

नोंदवही कोरी का आहे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. पेटी उघडली, पट्टी बांधली, की नाव, तारीख, वेळ, जागा, इजा असं लिहावं लागतं. ते लिहिलं की पुरावा तयार होतो. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखाना निरीक्षकाला कळवणं, हे 1948 च्या कायद्याच्या कलम 88 पासून मॅनेजरचं कर्तव्य आहे. विमाधारक कामगार असेल तर कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळालाही अपघाताचा अहवाल द्यावा लागतो. म्हणून तुमचा जखमी कामगार ईएसआयच्या दवाखान्यात जात नाही. त्याला ओळखीच्या खाजगी डॉक्टरकडे नेतात, चार टाके घालतात, घरी सोडतात, आणि रजा त्याच्याच खात्यातून कापली जाते.

त्याचं यात काय जातं तेही लिहून ठेवतो. ईएसआय योजनेत कामावर झालेल्या इजेमुळे तात्पुरतं अपंगत्व आलं तर वेतनाच्या 90 टक्के इतकी रक्कम मिळते. त्यासाठी अमुक इतके महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अटही नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी तो पात्र ठरतो. तुम्ही नोंद टाळली, की त्याचा हा हक्क बुडाला. कोरी नोंदवही म्हणजे सुरक्षित कारखाना नव्हे. कोरी नोंदवही म्हणजे कामगाराच्या खिशातून काढलेले पैसे.

हा हक्क आकाशातून पडलेला नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि आणखी एक मागणी होती: काम करताना जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या उपजीविकेची सोय करावी. रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली. जखमेच्या मागणीला कायद्यात जागा मिळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. तुम्ही एका कुलपाने जे अडवता ते मिळवायला या मातीतल्या गिरणी कामगारांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

नंतरचे काही हक्क तर प्रेतांच्या राशीतून आले. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला तेव्हा आपल्याला काय झालंय आणि त्यावर काय करायचं हे माणसांना माहीत नव्हतं, आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नीट सांगितलं गेलं नव्हतं. त्यानंतर 1987 साली कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. आपल्या कामातल्या धोक्यांची माहिती मालकाकडून मिळवण्याचा, सुरक्षेचं प्रशिक्षण मिळवण्याचा आणि सोय अपुरी असेल तर थेट निरीक्षकाकडे जाण्याचा हक्क त्या दुरुस्तीने कामगाराला दिला. तुमच्या केमिकल स्टोअरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा ड्रम आहे. त्याच्या भाजण्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं. ते तुमच्याकडे नाही, आणि ड्रम हलवणाऱ्या पोरांना ते नावही माहीत नाही.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूनेही बोलतो, कारण ती खरी आहे. अनेक राज्यांच्या जुन्या नियमांतल्या पेटीच्या यादीत सर्पदंशाची जखम कापायचं पातं आणि पोटॅशियम परमँगनेटचे खडे होते. आजचं वैद्यकशास्त्र सर्पदंशाची जखम कापायला किंवा धुवायला सांगत नाही. अंग हलवू न देता लवकरात लवकर दवाखान्यात नेऊन प्रतिविष द्यायला सांगतं. याद्या काळाबरोबर बदलायला हव्यात यात शंका नाही. पण यादी जुनी आहे म्हणून पेटी रिकामी ठेवायची मोकळीक मिळत नाही. नियमातलं सगळं ठेवा, आणि तुमच्या प्रक्रियेतले धोके बघून काय वाढवायचं आणि ते कसं वापरायचं हे कारखान्याच्या डॉक्टरकडून लिहून घ्या. त्यांना सहीपुरतं बोलावण्यापेक्षा हे काम द्या.

म्हणून हे करा, आणि ‘सेफ्टी वीक’ची वाट बघू नका. 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, त्या तारखेला दरवर्षी तुमच्याकडे शपथ होते, बॅनर लागतं, पोस्टर स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात. यंदाचा बॅनरचा खर्च पेट्यांवर करा. ठेकेदाराची माणसं धरून प्रत्येक पाळीची खरी मोजणी करा आणि तेवढ्या पेट्या लावा. कुलपं काढा, सील लावा. दर पाळीत, दर पेटीमागे, प्रमाणपत्र घेतलेला एक माणूस नेमा. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्ससारख्या संस्था हे शिकवतात. त्याचं नाव, फोटो आणि मोबाइल नंबर पेटीवर लावा, मराठीत लावा आणि हिंदीतही लावा, कारण तुमच्या प्रेसवरची निम्मी पोरं बिहार आणि उत्तर प्रदेशातून आली आहेत. आठवड्याला एकदा पेटी तपासा आणि तपासणाऱ्याची सही घ्या. आयवॉश रोज चालवून बघा. अ‍ॅम्ब्युलन्स रूममधले खोके बाहेर काढा. आणि नोंदवही खरी लिहा. ज्या महिन्यात नोंदी वाढतील त्या महिन्यात मॅनेजरला झापू नका. कोणत्या मशीनवर माणसं जखमी होतात हे त्या नोंदीच तुम्हाला सांगतील, आणि ते मशीन दुरुस्त करणं पट्टीपेक्षाही मोठा प्रथमोपचार आहे.

आता दोन शब्द हे पत्र वाचणाऱ्या कामगारांसाठी, कारण हे त्यांच्यापर्यंत तुमच्याआधी पोचेल. भावांनो, बहिणींनो, उद्या कामावर गेलात की आपल्या शॉपमधली पेटी बघा. उघडते का, आत काय आहे, औषधांवरची तारीख काय आहे, जबाबदार माणूस कोण आहे आणि तो तुमच्या पाळीला असतो का. नसेल तर आधी सुरक्षा समितीत, युनियनमध्ये, सुपरवायझरकडे लेखी मांडा. ऐकलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवणं निरीक्षकावर कायद्याने बंधनकारक आहे. छोटी जखम झाली तरी नोंदवहीत नाव लिहायला लावा. लिहू देत नसतील तर तारीख, वेळ आणि सोबत कोण होतं ते स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा. आणि वर्गाला बसा. शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा जीव वाचवायला डॉक्टर असावं लागत नाही, शिकलेलं असावं लागतं.

शेठ, दुसरी पाळी तीन वाजता सुरू होते. त्याआधी पेटी भरून, उघडी करून, तिच्याजवळ शिकलेला माणूस उभा करा. जमणार नसेल तर ती पाळी चालवू नका.

आपला,
औद्योगिक वसाहतींत प्रथमोपचार शिकवणारा एक प्रशिक्षक